तळघरातील दुपारचे संगीत

रात्रीचे क्लब म्हणजे मुळात दारूचा धंदा आणि संगीत केवळ निमित्त, असे काही जण म्हणतात, पण हे मत मला सरसकट मान्य करता येत नाही. इंग्लंडमधल्या लिव्हरपूलचा कॅव्हर्न क्लबच घ्या: तो १६ जानेवारी १९५७ रोजी मॅथ्यू स्ट्रीटवरील गोदामाच्या तळघरात जॅझसाठी सुरू झाला, आणि बीटल्स हा प्रसिद्ध गायक-वादकांचा संच १९६१ ते १९६३ या काळात तिथे वाजवत होते तेव्हा त्या जागेला मद्यविक्रीचा परवानाच नव्हता. कॉफी, शीतपेये आणि खाण्याचे किरकोळ पदार्थ एवढेच मिळत असे. शिवाय तिथे दुपारच्या सुटीतही कार्यक्रम होत आणि आसपासच्या कचेऱ्यांमधली तरुण मुले-मुली जेवणाच्या वेळात गाणी ऐकून पुन्हा कामावर जात.

माणसे केवळ गाण्यांसाठी येतात हे मला सहज पटते, कारण आमच्या गडचिरोलीकडे धान निघाल्यावर रिकाम्या बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात, मंडप पडतो आणि झाडीपट्टीचे, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातले, नाटक पहाटेपर्यंत चालते. थंडीत चहाच्या आधारावर माणसे रात्रभर बसतात ती ऑर्गन-तबल्याच्या साथीने रंगणाऱ्या गाण्यांसाठी. आमचा मंडप हंगाम संपला की निघतो, पुढच्या वर्षी पुन्हा उभा राहतो. कॅव्हर्नचे मूळ तळघर मात्र भुयारी रेल्वेच्या वायुवीजनासाठी १९७३ मध्ये बंद करून बुजवले गेले, आणि ज्या झरोक्यासाठी हे केले तो तिथे बांधलाच गेला नाही, याची मला फार हळहळ वाटते. आजचा क्लब १९८४ मध्ये, जुन्या विटा वापरून, बऱ्याच अंशी त्याच जागेवर नव्याने बांधलेला आहे.