तालिकोटची लढाई तालिकोटात नाहीच झाली? मग नाव त्या गावाचं का?

गुळाची_ढेप
मंडळी, आमची कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत धान्याची पेढी आहे. तुरीच्या सौद्याला परवा तालिकोटला गेलतो, विजापूरच्या पुढं. शाळेत '1565, तालिकोट, विजयनगरचा पाडाव' एवढं घोकलेलं. म्हटलं काम उरकून रणांगण बघून यावं. अडतवाल्याला विचारलं तर त्यानं दक्षिणेकडं हात केला, "इथं नव्हे हो, कृष्णेपल्याड!" आता कृष्णा तिथनं तीस-चाळीस किलोमीटर. मग लढाईला ह्या गावाचं नाव कसं? आणि ते नाव सोडून गावाला स्वतःचा काही इतिहास हाय का न्हाई?

तटावरचा_गडी
भावा, विजापुरात थांबून मुलूखमैदान तोफ बघितलीस का? तालिकोटला तीच वाजली म्हणतात. 1549 ला अहमदनगरात ओतली, मग परांड्याच्या किल्ल्यावर होती, विजापूरला आली ती 1632 मध्ये. म्हणजे लढाईत असलीच तर निजामशहाच्या बाजूनं. गाईड लोक ती पहिल्यापासून आदिलशहाचीच होती असं दडपून सांगतात.

डोणीकाठची_लेक
माझं माहेर तालिकोटजवळच्या खेड्यातलं, लग्न होऊन कसबा बावड्यात आले. अडतवाल्यांनी बरोबर सांगितलं तुम्हाला.

तालिकोटात झाला तो तळ. विजापूरचा अली आदिलशहा, नगरचा हुसेन निजामशहा, गोवळकोंड्याचा इब्राहीम कुतुबशहा आणि बीदरचा अली बरीदशहा, चौघांच्या फौजा 1564 च्या डिसेंबरअखेर तिथं गोळा झाल्या. वऱ्हाडचा इमादशहा काही आला नाही. लढाई झाली 23 जानेवारी 1565 ला, नदी उतरून गेल्यावर. फौजा निघाल्या तिथलं नाव लागलं, इतकंच.

पण तळ तिथंच का, हे कुणी विचारत नाही. गावाजवळच्या डोणी नदीचं खोरं बघितलंत ना? नुसती काळी जमीन. पावसात बैलगाडी आसापर्यंत रुतते, चप्पल तर सोडूनच यायची. डिसेंबरात तीच जमीन वाळून टणक होते आणि शाळू अंगाला लागेल एवढा उभा असतो. महिनाभरात हुरडा, मग कडबा. एवढी घोडी, बैल, हत्ती एका जागी ठेवायचे तर आधी वैरण बघावी लागते. माझ्या मते तालिकोटचं नाव इतिहासात चढलं ते ज्वारीमुळं. पाण्यामुळं तर नक्कीच नाही. डोणी उगवते आपल्या जतजवळ, पण आमच्याकडं येईस्तोवर खारी होते. उन्हाळ्यात म्हैस डबक्याला तोंड लावते, नाक फेंदारते आणि तशीच मागं वळते.

कृष्णा उतरायची गंमत फिरिश्ता नावाच्या जुन्या इतिहासकारानं लिहून ठेवलीय. इंगळगीला नदी ओलांडायचा उतार होता, तिथं विजयनगरचा कारभार हाकणाऱ्या रामरायाची माणसं अडून बसलेली. सुलतानांनी काठाकाठानं कूच करून दुसरीकडनं उतरणार असं भासवलं. पलीकडची फौज त्यांच्याबरोबर सरकत गेली, आणि हे उलटे फिरून रिकाम्या झालेल्या इंगळगीलाच पार झाले. रामराया ऐंशीच्या घरातला म्हातारा. पकडला गेला, हुसेन निजामशहानं डोकं उडवलं, आणि फौज फुटली. राजधानी हंपीचं पुढं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे.

नेमकं मैदान कुठलं यावर अजून भांडणं आहेत. ह्या लढाईचं पुस्तकातलं दुसरं नाव 'राक्षसतागडी', म्हणजे राक्कसगी आणि तंगडगी ही नदीच्या आमच्या बाजूची दोन गावं. काही अभ्यासक नदीपलीकडचं, मुदगलजवळचं बन्नीहट्टी धरतात. नदी उतरल्यावर लढाई झाली असेल तर मला बन्नीहट्टीच पटतं. तंगडगीत कुणाला लढाई विचारून बघा, ते तुम्हाला नीलम्माची जागा दाखवतील. बसवेश्वरांची बायको. कूडलसंगम तिथनं जवळच. माझ्या आजीला रामराया ठाऊकच नव्हता, नीलम्मा मात्र तोंडपाठ.

गावाचं स्वतःचं म्हणाल तर खास्गतेश्वराचा मठ आणि त्याची जत्रा, तूर-ज्वारीची बाजारपेठ, आसपास शहाबादी जातीची चुनखडीची फरशी. 1956 पर्यंत विजापूर जिल्हा मुंबई राज्यातच होता, त्यामुळे आजोबांच्या पिढीला मराठी चांगली यायची. आता तालुका झालाय, एवढी एकच नवी बातमी.

हिरण्यकेशी
मुधोळच्या संस्थानिक घोरपड्यांकडच्या फर्मानांत त्यांचा पूर्वज कर्णसिंह ह्या लढाईत आदिलशहाकडून पडल्याचं येतं. त्या फर्मानांच्या अस्सलपणावर इतिहासकारांत वाद आहे, तेव्हा मिठाची चिमूट घालूनच घ्या. पण मूळ मुद्दा सोडू नका. हिंदू राज्य बुडवायला सगळे मुसलमान एक झाले, सरळ गोष्ट आहे.

डोणीकाठची_लेक
दादा, तेवढी सरळ नाही. काही वर्षं आधी हाच रामराया आणि हाच अली आदिलशहा मिळून नगरवर चालून गेले होते. रामरायाचा मुलगा वारला तेव्हा अली स्वतः विजयनगरला सांत्वनाला गेला. इब्राहीम कुतुबशहा तर तख्तावर बसायच्या आधी तिथं सात वर्षं आश्रयाला होता. रामरायानं आज ह्याला, उद्या त्याला हाताशी धरून चौघांनाही दमवलं, तेव्हा कुठं ते एक झाले. तेसुद्धा सोयरीक करून. नगरची चांदबीबी अलीला दिली आणि आंदण म्हणून सोलापूरचा किल्ला. ज्या सोलापूरसाठी दोन्ही घराणी इतकी वर्षं भांडली, ते मांडवात सुटलं. धर्माची भाषा झाली असेलच, पण आपल्या गावात दोन भावकीवाले तिसऱ्याविरुद्ध एक होतात तेव्हा काय होतं ते आठवा.

गुळाची_ढेप
ताई, नाद खुळा माहिती! पुढची खेप श्रावणात हाय. त्याच फेरीत मुदगल आणि तंगडगी उरकता येईल का?

डोणीकाठची_लेक
श्रावणात नको. डोणीला पाणी चढलं की तालिकोटजवळचा पूल बुडतो आणि विजापूरकडची वाहतूक वळवतात, ट्रक घेऊन अडकाल. संक्रांतीनंतर जा. मुदगलचा किल्लाही सोडू नका, खंदक आणि तट अजून बघण्यासारखा आहे. आणि अडतवाल्याकडनं तूर घेताना पोतं तळापर्यंत बघून घ्या, माहेर असलं तरी सांगते.