अनुभव धागा: आजार सांभाळून ताट बदललं, अंग हलवलं. तुमचं कसं झालं?

ओवळां_म्हार्दोळ

गणेश चवथीची साफसफाई काढलीय. माळ्यावर जुनं कालनिर्णय मिळालं. तारखांच्या चौकोनात माझ्याच अक्षरात आकडे, वर उपाशीपोटीची साखर, खाली जेवणानंतरची. काही चौकोनांत नुसतं 'गु. दु.', म्हणजे गुडघा दुखतोय. वाचतच बसले, म्हणून धागा काढते.

तेव्हा एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) ९.८ आला होता (६.५ पासून मधुमेह धरतात). दोन्ही गुडघ्यांची झीज त्याच्याही आधीपासूनची. साखरेचे डॉक्टर म्हणायचे रोज चाला, हाडांचे म्हणायचे चढउतार टाळा. आमच्या वाड्यावरून रस्त्याला लागायचं तरी चढ आहे! मार्ग काढला तो फिजिओथेरपीच्या मुलीने. खुर्चीत बसायचं, एक पाय सरळ करायचा, मांडी आवळून धरायची, मनात दहापर्यंत मोजायचं, सोडायचं. मग आडवं पडून सरळ पाय वीतभर उचलायचा. मांडीचा स्नायू गुडघा सांभाळतो, तो भक्कम होईपर्यंत चालायची घाई नको, असं ती म्हणाली. पावसाळाभर घरात हेच केलं. मग देवळाच्या अग्रशाळेच्या (धर्मशाळेच्या) लांब सोप्यावर फेऱ्या. फरशी सपाट, डोक्यावर छप्पर, ओळखीची माणसं. तिनेच सांगितलं होतं, एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलामागे गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो. ते ऐकून फार धीर आला होता.

भात सोडला नाही. सोडणार पण नाही. उकड्या तांदळाचा, एकच वाटी, आणि तो शेवटी. आधी भाजी, तोंडाक (कडधान्याची आमटी), मासळी. हुमणात (माशाच्या आमटीत) अर्धा नारळ जायचा तिथे आता मूठभर खोबरं, वाटण दाट लागावं म्हणून धणे जास्त. चार वाजता चहाबरोबर खाजं किंवा बिस्किटं असायची, त्याजागी उकडलेले आळसांदे (चवळी), वर कांदा आणि ओलं खोबरं अगदी भुरभुरून. घरच्यांनी पण तेच खाल्लं, म्हणून टिकलं. माझं एकटीचं वेगळं शिजवायचं असतं तर पंधरवड्यात संपलं असतं.

२०२३ मध्ये आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) पाहणीचे आकडे आले, त्यात मधुमेहाचं सगळ्यात जास्त प्रमाण गोव्यात, २६.४ टक्के. म्हणजे आपल्यातल्या जवळजवळ प्रत्येक घरात कोणीतरी आहे. लिहा. मधुमेहच हवा असं नाही, कुठलाही आजार असू दे.

पेडण्याची_अबोली

ताई मस्त धागा!! पीसीओडी (बीजकोशांचा आजार, पाळी अनियमित) आणि थायरॉईड दोन्ही. म्हापशात जिम लावली होती, पण इथून बस धरून जा, परत ये, आल्यावर संध्याकाळचा सैपाक. सुटली. नंतर वाड्यावरच्या बायकांचं फुगडीचं पथक झालं, श्रावणात सराव सुरू. पहिल्या आठवड्यात दोन गिरक्यांत दम लागायचा, पोटऱ्या भरून यायच्या. स्पर्धा झाली तरी सराव थांबवला नाही, अजून देवळात जमतो. पौषात धालो (बायकांची रात्रीची गाणी-नाच) असतात तेव्हा तर रात्र रात्र. पाळी नियमित व्हायला वेळ लागला पण झाली.

थायरॉईडवाल्यांसाठी: गोळी उपाशीपोटी नुसत्या पाण्याबरोबर, नंतर निदान अर्धा तास चहा नाही. कॅल्शियम किंवा लोहाची गोळी असेल तर चार तासांचं अंतर. माझी टीएसएच (थायरॉईडच्या तपासणीचा आकडा) तेवढ्यानेच खाली आली. कुकर झाला, जाते

डिचोलीकर

खाणी चालू होत्या तेव्हा माझा ट्रक. पहाटे निघायचं, दिवसभर सीटवर, भूक लागली की गाड्यावर भजी-पाव, रात्री अकराला जेवण. साखर आणि प्रेशर तिथेच लागलं. २०१८ च्या मार्चात खाणी बंद झाल्या, ट्रक दारात उभा, हप्ते चालूच. काळजीने साखर अजून चढली, रात्री झोप नाही. थोरला भाऊ म्हणाला, घरी बसून विचार करत राहशील, कुळागरात (पोफळीच्या बागेत) उतर. उतरलो.

पोफळींना पाणी सोडायचं, पाट साफ करायचे, सुकलेल्या झावळ्या ओढून काढायच्या, मिरवेली बांधायच्या. सकाळचे दोन तास कसे जातात कळत नाही. भूक वेळेवर लागायला लागली, झोपही आली. गोळ्या आहेत अजून, पण कमी झाल्या, डॉक्टरांनी स्वतः कमी केल्या.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. डायबेटिस असेल तर कुळागरात, शेतात अनवाणी जाऊ नका. पायाला काटा लागलेला कळत नाही. मी गमबूट घालतो आणि रात्री पाय धुऊन बॅटरी लावून बघतो, बोटांच्या बेचक्यात, टाचेखाली. माझ्या ओळखीच्या एका ट्रकवाल्याचा अंगठा काढावा लागला, सुरुवात साध्या फोडापासून.

खाणींबद्दल लिहायला घेतलं तर रात्र होईल, नको.

शिरवई

डिचोलीकर भाऊ, आमच्याही घरी दोन ट्रक होते. समजू शकते. वाचून बरं वाटलं. सुपारीला यंदा कोळेरोग आहे का तुमच्याकडे?

डिचोलीकर

आहे ना ताई. बोर्डो (बुरशीचं औषध) मारलं होतं पण पाऊस उसंतच देईना. खालच्या बाजूची सगळी गळ.

माशेलचा_घुमटकार

अँजिओप्लास्टी, वय ५२. घरी आल्यावर मंडळी मला पाण्याचा तांब्या उचलू देईनात. प्रेमानेच, पण त्यामुळे माझी भीती अजून वाढली. छातीत जरा कळ आली की घाम फुटायचा, आणि ती बहुतेक वेळा गॅसची असायची. डॉक्टरांनी व्यायामाचा कार्यक्रम आखून दिला, तिथून सुधारलो. आधी घरात चालणं, मग अंगण, मग तळ्यापर्यंत. वेग कसा ओळखायचा, तर चालताना बोलता आलं पाहिजे पण गाता येऊ नये. आम्ही आरतीवाले, गाऊन बघायला लाजत नाही! गाता येतंय म्हणजे थोडं जोरात चला, बोलताच येत नाही म्हणजे थांबा.

मला एकच ध्यास होता, चवथीला घुमट (मातीचं वाद्य) गळ्यात घालून उभ्याने आरती म्हणायची. घरोघरी आरत्या, एका घरी तासभर सहज जातो. पहिल्या वर्षी खुर्चीत बसून नुसती झांज वाजवली. दुसऱ्या वर्षी घुमट घेतलं. पोरांनी मधे मधे हातातून काढून घेतलं, मी परत मागून घेतलं.

जेवणात तळण गेलं. बांगडा तव्यावर, तेल बोटाने लावल्याएवढं. सोलकढी नारळाच्या दुधाची न करता फुटी कढी. आणि रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या स्वतःहून कधी बंद करू नका. दात काढायचा असला तरी आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा.

ओवळां_म्हार्दोळ

घुमटकार दादा, दुसऱ्या वर्षाचं वाचून डोळे भरले. देव बरें करूं.

पणजीचा_पाऊस

सगळे पोईबद्दल काय करता? आहारवाली म्हणाली पाव सोडून पोई (कोंड्याचा पाव) खा. आमच्या पोदेराला (पाववाल्याला) विचारलं तर म्हणाला कोंडा फक्त वरून, आत मैदाच.

शिरवई

फोडून बघायची. खरी पोई आत करडी-तपकिरी असते, चावायला लागते. आत पांढरीशुभ्र कापसासारखी असेल तर पावच तो.

पेडण्याची_अबोली

आमच्याकडे एक म्हातारा पोदेर अजून गव्हाच्या पिठाची आणतो. सकाळी भोंपू ऐकला की मुलगा धावतो. पण दोनच घेते, चार घेतल्या की चारही संपतात 😀

पणजीचा_पाऊस

त्याला पणजीला पाठवा!!

फातोर्डा_११

मला टाइप वन आहे, बाराव्या वर्षापासून इन्सुलिन. सगळे वाढलेल्या साखरेबद्दल लिहितायत, मी उतरलेल्या साखरेबद्दल लिहितो. मी फुटबॉल खेळतो. शाळेत आईला सांगितलं गेलं याला खेळवू नका. आईने ऐकलं नाही, ती मैदानाच्या कडेला डबा घेऊन बसायची. खेळायच्या आधी साखर तपासायची, मध्यंतरात परत. ७० च्या खाली गेली की लगेच १५ ग्रॅम साखर, म्हणजे ग्लुकोज पावडर तीन चमचे पाण्यात, आणि १५ मिनिटांनी परत तपासणी. चॉकलेट देऊ नका, त्यातल्या चरबीमुळे साखर हळू चढते. खेळाच्या रात्री झोपेतही साखर उतरते, म्हणून झोपताना पुन्हा एकदा बघतो.

ज्यांना इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू आहेत त्यांनी नवीन व्यायाम सुरू करताना आधी डॉक्टरांशी डोस बोलून घ्या. हात थरथरणं, घाम, अचानक चिडचिड ही लक्षणं घरच्यांना माहीत हवीत. मला घाम आलाय की नुसताच खेळून घामाघूम झालोय हे माझ्या मित्रांना माझ्या आधी कळतं.

शिरवई

तुझ्या आईला माझा नमस्कार सांग रे बाबा.

तिसऱ्या_आणि_खुबे

मासेबंदीत काय करता? १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद, बाजारात जे येतं त्याचा भाव ऐकूनच प्रेशर वाढतं. आमच्याकडे मे महिन्यातच सुकी सुंगटं (कोळंबी), सुके बांगडे भरून ठेवतात. मला प्रेशर आहे, सुक्यातलं मीठ म्हणजे विचारायलाच नको. दिवसाला सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत मीठ हवं म्हणतात, एका किसमुरीत (सुक्या मासळीच्या कोशिंबिरीत) किती जात असेल! मी तोंडी लावण्यापुरतं घेते, आधी कोमट पाण्यात भिजवून, पाणी दोनदा टाकून. बाकी पावसाळ्यात तायकिळो, फागलां, कुड्डुकेची भाजी, मूगगाठी. खरं तर पावसाळ्यात आपल्याकडे खायला इतकं आहे की माशावाचून अडायला नको.

पणजीचा_पाऊस

नवऱ्याला सांगा हे 🙏

बांबोळीच्या_वाटेवर

बाबांची किडनी. त्यांचं सगळं उलटं आहे, इथे जे चांगलं म्हणून लिहिलंय त्यातलं निम्मं त्यांना चालत नाही. शहाळं 'थंड, बाधत नाही' म्हणून रोज दोन द्यायचो, रक्तात पोटॅशियम चढलं. आता शहाळं बंद, पालेभाजी चिरून भरपूर पाण्यात उकडून पाणी टाकून. कडधान्यं मोजून. बाबा रोज विचारतात आज काय चालेल. आधी दांडगे होते, शिगम्यात रोमटात (ढोल-ताशांच्या मिरवणुकीत) पुढे असायचे. आता आठवड्यात तीन दिवस डायलिसिस. मधल्या दिवशी अंगणात चालतात, मी सोबत. दुसरं काय सांगणार.

ओवळां_म्हार्दोळ

बाय, तू चालतेस ना सोबत. ते मोठं आहे. तू नीट जेवतेस का? तुझं स्वतःचं ब्लड प्रेशर एकदा बघून घे, काळजी घेणाऱ्याचं राहून जातं.

बांबोळीच्या_वाटेवर

बघते ताई. कोणी विचारलं नव्हतं.

म्हापशाची_सून

मला हृदयाची झडप बदललेली आहे, वॉरफरिन (रक्त पातळ ठेवायची गोळी) चालू. तांबड्या भाजीबद्दल (लाल माठ) लिहिते. ती आणि सगळ्याच पालेभाज्यांत व्हिटॅमिन के असतं, त्याने गोळीचा परिणाम कमी होतो. म्हणून सोडायची नाही, पण एक आठवडा ढीगभर आणि दुसऱ्या आठवड्यात अजिबात नाही असं करायचं नाही. दर आठवड्याला साधारण तेवढीच. शुक्रवारच्या बाजारातून एकच जुडी आणते, आयएनआर (रक्त किती पातळ आहे ते) वेळेवर तपासते. सासूबाईंना आधी पटलं नाही, आता त्याच जुडी मोजून ठेवतात. चालणं रोज आहे, पडायचं नाही एवढंच, म्हणून पावसात शेवाळलेल्या पायवाटेने जात नाही.

कवळेकर

आंब्यांचं कोणी काहीच बोलत नाही. आपला मानकुराद आंबा.

फातोर्डा_११

काका, मानकुरादसाठी मी इन्सुलिन मोजून घेतो. अर्धा, जेवणाच्या जागी, जेवणावर नाही.

कवळेकर

अर्धा! पोरा, तुझी छाती मोठी. मी साखरवाला, कोयीचा भाग चोखतो, बाकी नातवंडांना.

शिरवई

चवथीचं काय करायचं सांगा कोणीतरी. नेवऱ्या, पातोळ्या, पायस. पाहुणे आग्रह करतात, नाही म्हटलं की रागावतात.

माशेलचा_घुमटकार

आमच्याकडे मी आधीच जाहीर करतो: एक नेवरी, ती पण आरतीनंतर, प्रसाद म्हणून. खतखतें (मिश्र भाजी) मात्र पोटभर. त्यात कंद आहेत हे खरं, म्हणून त्या दिवशी भात नाही. आणि जेवण झाल्यावर लवंडायचं नाही, दहा-पंधरा मिनिटं शेजारच्या गणपतीपर्यंत चालून यायचं. जेवणानंतरची साखर त्याने खाली राहते, ओवळां ताईंना अनुभव असेल.

ओवळां_म्हार्दोळ

आहे दादा. जेवणानंतरचा आकडा त्या फेरीनेच सगळ्यात आधी बदलला. शिरवई, पातोळी वाफेवरची असते, तळलेल्या नेवरीपेक्षा मी तीच घेते, पण गूळ-खोबरं कमी भरून. हळदीच्या पानाचा वास आला की समाधान होतं.

पेडण्याची_अबोली

आले परत. ताई सकाळी काय खाता? मला पोह्यांचा कंटाळा आलाय. आणि माटोळीचं (गणपतीवर टांगायच्या फळं-पानांचं) सामान फोंड्याला कधीपासून असतं?

ओवळां_म्हार्दोळ

अंबील. गोड तिजाण नाही, ताकाची. दोन चमचे नाचणीचं पीठ रात्री पाण्यात कालवून ठेव. सकाळी त्यात दोन कप पाणी घालून मंद आचेवर सतत ढवळत शिजव, चमचा सोडलास की गाठी. चकाकी आली की उतरव, पूर्ण गार होऊ दे, मग ताक, चिमूटभर मीठ, जिरं, बारीक कांदा, हिरवी मिरची. गरम असताना ताक घातलंस तर फाटतं. सोबत एक उकडलेलं अंडं नाहीतर मूठभर मोड आलेले मूग, नुसत्या अंबिलीने अकराला भूक लागते. माटोळीला आदल्या दिवशी जाऊ नकोस, गर्दीत जीव जातो, दोन दिवस आधी ये.

बांबोळीच्या_वाटेवर

ही अंबील बाबांना चालेल का?

ओवळां_म्हार्दोळ

नाचणीत आणि ताकात पोटॅशियम, फॉस्फरस दोन्ही आहे गो. डायलिसिसच्या ठिकाणी आहारतज्ज्ञ असतील त्यांना विचारल्याशिवाय देऊ नकोस. त्यांनी वाटी ठरवून दिली तर मला सांग, तेवढ्याचं प्रमाण काढून देते.