मदत हवी आहे: दोन अँटेना, दोन आरटीएल-एसडीआर, दिशा मात्र रोज नवी (नागपूर)

नमस्कार मंडळी, गच्चीवर सिग्नलची दिशा शोधायचा प्रयोग मांडतोय. दोन आरटीएल-एसडीआर डोंगल (संगणकाला जोडायचे छोटे रेडिओ रिसीव्हर) आहेत. एकाचा क्रिस्टल काढून दुसऱ्याचाच २८.८ मेगाहर्ट्झचा क्लॉक दोघांना दिलाय. अँटेनांमध्ये अंतर ७५ सेंटीमीटर, म्हणजे १०० मेगाहर्ट्झला पाव तरंगलांबी. केबल सारख्याच लांबीच्या.

क्लॉक एक असल्याने फेज (दोन्हीकडच्या लहरींतला फरक, ज्यावरून दिशा काढायची) सरकत नाही, ठाण मांडून बसते. पण प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू केला की भलत्याच आकड्यावर! सॅम्पलचा मागेपुढेपणा क्रॉस-कोरिलेशनने (दोन्ही सिग्नल एकमेकांवर सरकवून जुळवत) काढतो, तरी ट्यूनरच्या पीएलएलची (फ्रिक्वेन्सी धरून ठेवणाऱ्या सर्किटची) फेज उरतेच. नकाशावरून जागा पक्की माहीत असलेला एफएमचा मनोरा कधी पश्चिमेच्या सेमिनरी हिल्सकडे दिसतो, कधी पार पूर्वेच्या पारडीकडे.

स्प्लिटरमधून दोन्हीकडे एकच नॉइज (मुद्दाम तयार केलेली खरखर) सोडायचा आणि येणारा फरक वजा करायचा, एवढं समजलंय. अडलंय ते स्विचपाशी. अँटेना तोडून नॉइज जोडायला रिले (यांत्रिक स्विच) बरा की पिन डायोड (इलेक्ट्रॉनिक स्विच)? पाच चॅनलचं क्राकेनएसडीआर नावाचं तयार रिसीव्हर हे सगळं आपलं आपण करतं, पण खिशाला झेपत नाही.

दुसरं, दोनच अँटेनांत पुढचं-मागचं कळत नाही म्हणून जोडी फिरवून बघतो. शेजारी मात्र कूलरचं लोखंडी स्टँड आहे, आणि उन्हाळ्यात ते हलवायचं म्हटलं तर घरात कोणी जेवू घालणार नाही. परावर्तन टाळायला त्यापासून किती लांब जावं?

कोणी केलं असेल तर सांगा न. सुटे भाग बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) मिळतील असे सुचवले तर फारच बरं.