पोटाचे स्नायू, भाकरी आणि व्यायामशाळेतील सल्ले

प्रश्न (लातूर):
माझे वय 42 असून काम दिवसभर बैठे आहे. कमरेचा घेर 96 सेंटिमीटर झाल्यामुळे दोन महिन्यांपूर्वी व्यायामशाळेत नाव घातले. तेथे मला रोज 200 सिट-अप्स काढण्यास, ज्वारीची भाकरी बंद करून प्रोटीन पावडर घेण्यास आणि सकाळी अनशापोटी लिंबू-मधाचे गरम पाणी पिण्यास सांगण्यात आले. पोट आहे तसेच आहे; उलट कंबर दुखू लागली आहे. या सल्ल्यांत तथ्य किती?

उत्तर (परभणी):
स्नायू बळकट करणे आणि त्यांवरची चरबी उतरवणे ही दोन निराळी कामे आहेत. राबणारा स्नायू शेजारच्या चरबीवर नव्हे, तर रक्तातून येणाऱ्या इंधनावर चालतो आणि ते इंधन शरीरभरातून गोळा होते. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सहा आठवडे केवळ पोटाचे व्यायाम करणाऱ्यांच्या स्नायूंचा दम वाढला, पोटावरची चरबी मात्र घटली नाही. शिवाय या स्नायूंचे मुख्य काम वाकणे नसून मणक्याला आधार देणे हे आहे. अडतीवर सोयाबीनचे पोते उचलताना हमाल नकळत पोट आवळून धरतो, ते हेच काम. म्हणून प्लँक (पालथे होऊन कोपर व पायांची बोटे टेकवून शरीर ताठ धरणे), कुशीवरचा प्लँक, तसेच हातागुडघ्यांवर राहून उजवा हात व डावा पाय एकाच वेळी लांबवणे, असे व्यायाम दहा-दहा सेकंदांनी सुरू करावेत. दुखणे पायात उतरत असेल किंवा मुंग्या येत असतील, तर व्यायाम थांबवून आधी डॉक्टरांना दाखवावे.

उत्तर (नांदेड):
वरील मताशी मी पूर्ण सहमत नाही. सिट-अप्स मुळातच वाईट नाहीत. नवख्या माणसाला रोज 200 काढायला लावणे वाईट. तालमीतले जोरही शरीर ताठ ठेवून काढले, तर पोटाला चांगलेच राबवतात.

उत्तर (छत्रपती संभाजीनगर):
आहाराविषयी लिहिते. भारतीय शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे दिवसाला 0.83 ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे 70 किलोच्या माणसाला सुमारे 58 ग्रॅम. 100 ग्रॅम ज्वारीत साधारण 10 ग्रॅम, तेवढ्याच कच्च्या तूरडाळीत सुमारे 22 ग्रॅम प्रथिने असतात. व्यायाम करणाऱ्याला थोडी अधिक लागली, तरी दोन भाकरी, घट्ट वरण, मोड आलेली मटकी, दही आणि अंडी यांतून ती गरज भागू शकते. प्रोटीन पावडरच्या डब्यावर पैसे घालण्याचे कारण मला दिसत नाही. मध ही साखरच असून एका मोठ्या चमच्यात साठेक कॅलरी असतात. घेर मात्र दुर्लक्षू नका, कारण आपल्याकडील पुरुषांसाठी 90 सेंटिमीटर ही धोक्याची मर्यादा मानली जाते. भाकरी सोडल्यावर संध्याकाळी भूक कशाने भागवता, हे आपण लिहिलेले नाही.

प्रश्नकर्ता (लातूर):
दुखणे पायात उतरत नाही, मुंग्याही नाहीत. संध्याकाळचे विचारलेत म्हणून सांगतो, चहाबरोबर बिस्किटांचा अर्धा पुडा आणि वर फरसाण होते. उद्यापासून भाकरी पुन्हा सुरू करतो आणि सिट-अप्स थांबवतो.