लहान मुलांना पेटी शिकवताना स्वरलिपी केव्हा द्यावी?

प्रश्न (तिवसा तालुका, जि. अमरावती)
आमच्या गावात सामुदायिक प्रार्थनेनंतर सहा-सात वर्षांची काही मुले पेटी आणि खंजिरी शिकायला थांबतात. पट्ट्यांवर सा, रे, ग लिहिलेले कागद चिकटवल्यामुळे त्यांची बोटे बरोबर पडतात, परंतु कागद काढताच ती अडतात आणि स्वर चुकल्याचेही त्यांना कळत नाही. केवळ ऐकवून व पुन्हा पुन्हा म्हणवून घेऊन शिकवावे काय?

उत्तर (संगीत शिक्षिका, आर्वी)
कागद काढून टाकावेत, कारण डोळ्यांनी पट्टी सापडली की कानाला काही काम उरत नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजने ही मुले बोलू लागण्याआधीपासून ऐकत आली आहेत. त्यांतील एकच ओळ निवडा, ती मुलांच्या उंच आवाजाला झेपेल अशा सुरात गाऊन घ्या, मग तिचे दोन-तीन स्वर वाजवून ‘आ’कारात (शब्दांऐवजी नुसते ‘आ’ लावून) म्हणवून घ्या आणि त्यानंतरच बोट ठेवू द्या. भाता सुरुवातीला मोठ्यांनीच ओढावा. जपानचे व्हायोलिन शिक्षक शिनिची सुझुकी (१८९८–१९९८) यांनी मातृभाषा शिकण्याच्या याच क्रमावर आपली पद्धत उभारली: रोजचे ऐकणे आधी, वाचन नंतर, आणि शिकवणीला पालक सोबत.

उत्तर (तबलावादक, दारव्हा)
सहमत आहे, मात्र नुसत्या आवर्तनांवर माझा विश्वास नाही. चूक घोटली गेली तर तीही पक्की होते. मूल जिथे अडखळते तेवढाच तुकडा संथ लयीत घ्यावा. खंजिरीसाठी केरवा तालाच्या आठ मात्रा, ‘धा गे ना ती न के धी ना’, टाळी देत तोंडाने म्हणता आल्याशिवाय वाद्य हातात देऊ नये.

प्रश्नकर्ता
कापूस वेचणीच्या दिवसांत पालक येऊ शकत नाहीत. अशा वेळी काय करावे?

उत्तर (संगीत शिक्षिका, आर्वी)
ती ओळ स्वतः संथ गाऊन मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा आणि घरी ठेवा. आजी-आजोबांनी ती रोज लावली तरी पुरेसे आहे, त्यांना संगीत येण्याची गरज नाही. स्वरलिपीचे म्हणाल, तर डोळे मिटून ऐकलेला स्वर मूल पेटीवर शोधू लागले की भातखंडे लिपी (स्वर खुणांनी लिहिण्याची भातखंडे यांची पद्धत) द्यावी. कोमल (उतरलेल्या) स्वराखालची आडवी रेघ आणि तीव्र (चढ्या) मध्यमावरची उभी रेघ त्याला तेव्हा फारशी समजावून सांगावी लागत नाही.