मदत हवी आहे: खासदारांच्या मासिक अहवालात निधीची कामं कशी दाखवावीत?

लोकसभा खासदारांच्या मासिक कार्य अहवालाचा नमुना बनवतोय. संसदेचा भाग तसा सोपा आहे: तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि अतारांकित (फक्त लेखी उत्तराचे) प्रश्न वेगळे, शून्य प्रहर (तातडीचे विषय मांडायची वेळ) वेगळा, नियम 377 खाली अध्यक्षांच्या परवानगीने मांडलेले विषय वेगळे. फक्त तारांकित प्रश्न तोंडी चर्चेला आला की नुसतं लेखी उत्तर पटलावर ठेवलं गेलं, हे लिहायलाच हवं. दिवसाला 20 तारांकित प्रश्न यादीत लागतात, पण प्रश्नोत्तराच्या तासात मोजकेच होतात.

खरी अडचण खासदार निधीची. मतदारसंघातल्या विकासकामांसाठी वर्षाला 5 कोटी, पण खासदार फक्त कामांची शिफारस करतात. मंजुरी जिल्हा प्रशासनाची. त्यामुळे गावातला एकच सभामंडप जूनमध्ये 'शिफारस', ऑगस्टमध्ये 'प्रशासकीय मान्यता', जानेवारीत 'कार्यारंभ आदेश' म्हणून येतो आणि वर्षाच्या बेरजेत तीनदा मोजला जातो. लोक जागेवर जाऊन बघतात, तिथे नुसता खडीचा ढीग! मग पूर्ण अहवालावरचाच विश्वास उडतो.

प्रत्येक कामाला कायमचा एक क्रमांक देऊन दरमहा फक्त टप्पा बदलायचा, असं मनात आहे. पण मूळ शिफारस रद्द होऊन तोच निधी दुसऱ्या कामाला वळवला, तर जुना क्रमांक अहवालात 'रद्द' म्हणून ठेवावा की काढून टाकावा? माझ्या मते ठेवावा. कुणी अशी नोंदवही प्रत्यक्ष चालवत असेल, तर त्यातले रकाने कोणते ते कृपया सांगा.