माओरी भाषेतील १९व्या शतकातील पुस्तके आणि वृत्तपत्रे: संग्रहाला सुरुवात कोठून करावी?

प्रश्न — वेलिंग्टनवासी

काही वर्षांपासून न्यूझीलंडमध्ये राहत असून माओरी भाषेचे प्राथमिक शिक्षण घेतले आहे. जुन्या छपाईची आवड पूर्वीपासूनच असल्याने आता या भाषेतील १९०० पूर्वीची पुस्तके आणि वृत्तपत्रांचे सुटे अंक जमवावेत असे वाटू लागले आहे. एका विक्रेत्याकडे बायबलच्या माओरी नव्या कराराची एक प्रत पाहिली. तिचे शीर्षकपृष्ठ नाही, बांधणी नंतरची आहे, आणि ती १८३७ ची पाइहिया येथील पहिली आवृत्ती असल्याचे विक्रेत्याचे म्हणणे आहे. हे कसे पडताळावे? तसेच वृत्तपत्रांपैकी सामान्य संग्राहकाच्या आवाक्यात काय येऊ शकते आणि कशाचा नाद सोडलेला बरा, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर १ — खिळेजुळारी

आधी पुस्तकांविषयी लिहितो, कारण विक्रेत्यांच्या वर्णनांत ‘पहिले’ हा शब्द फार सैलपणे वापरला जातो. माओरी भाषेतील पहिले छापील पुस्तक मिशनरी टॉमस केंडल यांचे असून ते १८१५ मध्ये सिडनीत छापले गेले. त्याची एकच प्रत ज्ञात आहे आणि ती ऑकलंडच्या संग्रहालयात आहे, तेव्हा तो विषय तेथेच संपतो. १८२० चे व्याकरण आणि शब्दसंग्रह हे केंडल आणि केंब्रिजचे प्राध्यापक सॅम्युअल ली यांचे काम. त्यासाठी होंगी हिका आणि वाइकाटो हे दोन माओरी सरदार स्वतः इंग्लंडला गेले होते. हे पुस्तक बाजारात क्वचित येते, पण येते.

प्रत्यक्ष न्यूझीलंडमधील छपाईचा पाया मात्र मिशनचे मुद्रक विल्यम कोलेन्सो यांनी घातला. १८३४ च्या अखेरीस ते छापयंत्र घेऊन बे ऑफ आयलंड्समधील पाइहिया येथे उतरले, तेव्हा सामान उघडल्यावर छापखान्याची कित्येक जरुरीची साधने आलीच नसल्याचे आणि छपाईचा कागदही नसल्याचे त्यांच्या लक्षात आले. तरीही फेब्रुवारी १८३५ मध्ये त्यांनी बायबलमधील इफिसकरांस आणि फिलिप्पैकरांस लिहिलेली पत्रे १६ पानांत छापून काढली, आणि पहिल्या काही प्रती गुलाबी टीपकागदात बांधल्या. या पुस्तिकेला देशातील पहिली छपाई म्हणण्याची रीत आहे. परंतु १८३० मध्ये केरिकेरी येथे विल्यम येट यांनी लहानसे काम छापले होते, हे विक्रेते सोयीस्करपणे विसरतात.

आता आपल्या प्रतीविषयी. कोलेन्सो यांनी पाइहियात छापलेला १८३७ चा नवा करार ३५६ पानांचा असून त्याच्या ५,००० प्रती छापल्या गेल्या. मागणी इतकी होती की पुढे ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीने १८४१ पासून लंडनमध्ये त्याच्या मोठ्या आवृत्त्या काढल्या. शीर्षकपृष्ठ नसलेली प्रत लंडनची असण्याची शक्यता म्हणूनच अधिक असते. प्रथम शेवटचा पृष्ठक्रमांक पाहावा आणि शेवटच्या पानाच्या तळाशी मुद्रकाचे नाव शोधावे. त्यानंतर वर्तनी तपासावी: पाइहियाच्या आवृत्तीत आज ‘डब्ल्यू’ आणि ‘एच’ ही जोडी वापरून लिहिला जाणारा उच्चार नुसत्या ‘डब्ल्यू’ने दाखवला आहे. जोडाक्षर दिसले तर प्रत १८३७ ची नाही हे निश्चित. पण ते दिसले नाही म्हणून १८३७ सिद्ध होत नाही, कारण जुनी पद्धत नंतरही काही काळ चालू राहिली. अंतिम निर्णय एखाद्या ग्रंथालयातील पूर्ण प्रतीशी ओळीनिशी ताडून पाहिल्यावरच घ्यावा. हर्बर्ट विल्यम्स यांची माओरी छपाईची १९२४ ची ग्रंथसूची आणि पार्किन्सन व ग्रिफिथ यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेली तिची विस्तारित उत्तराधिकारी हाताशी असल्याशिवाय या क्षेत्रात एक डॉलरही खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

उत्तर २ — सुटे अंक

वृत्तपत्रांविषयी मी लिहिते. १८४२ मध्ये सुरू झालेले ‘ते कारेरे ओ नुई तिरेनी’ हे पहिले माओरी नियतकालिक सरकारी होते, आणि त्यानंतरची बरीच पत्रे सरकार किंवा चर्च यांच्या हातचीच राहिली. खरा रस निर्माण होतो तो माओरींनी स्वतः पत्र चालवायला घेतल्यावर. विरेमू तोएतोए आणि ते हेमारा रेरेहाऊ हे दोघे १८५९ मध्ये ‘नोवारा’ या ऑस्ट्रियन जहाजाने व्हिएन्नाला गेले, तेथे छपाई शिकले आणि सम्राट फ्रान्झ योसेफ यांनी भेट दिलेले छापयंत्र घेऊन परतले. त्याच यंत्रावर नारुआवाहिया येथे माओरी जमातींनी स्वतः निवडलेल्या राजाच्या बाजूचे ‘ते होकिओई’ निघू लागले. त्याला उत्तर म्हणून सरकारच्या वतीने जॉन गोर्स्ट यांनी १८६३ मध्ये ते आवामुतू येथून ‘ते पिहोईहोई मोकेमोके’ सुरू केले. त्यातील मजकुराने राजाचे समर्थक इतके संतापले की मार्चमध्ये त्यांच्यातील सरदार रेवी मानियापोतो यांच्या माणसांनी छापखानाच ताब्यात घेतला, आणि जुलैमध्ये राजाच्या वाइकाटो प्रदेशावर सरकारी सैन्याची चढाई झाली. एवढ्या अल्पायुषी आणि युद्धात सापडलेल्या या दोन पत्रांचे मूळ अंक सामान्य संग्राहकाला मिळतील ही आशा धरू नये.

१८७४ ते १८७८ या काळातील ‘ते वानांगा’, किंवा ग्रेटाउनजवळच्या पापावाई येथील माओरी संसदेशी निगडित असलेले, १८९७ पासूनचे ‘ते पुके की हिकुरांगी’ यांचे सुटे अंक मिळण्याची शक्यता तुलनेने बरी आहे. जमीनविक्रीचे वाद, सभांचे वृत्तांत, मृत्युलेख आणि वाचकांची पत्रे यांनी ती भरलेली असतात, त्यामुळे एकच अंकही पुष्कळ काही सांगतो. खरेदीपूर्वी जुन्या वृत्तपत्रांचे ऑनलाइन संग्रह, म्हणजे वाइकाटो विद्यापीठाचा ‘निउपेपा’ आणि राष्ट्रीय ग्रंथालयाचे ‘पेपर्स पास्ट’, पाहून आपल्या अंकाची पाने पूर्ण आहेत का हे तपासावे, कारण पुरवण्या हमखास गळालेल्या असतात.

कागदाबाबत एक सूचना. १८४० च्या दशकातील चिंध्यांपासून केलेला कागद बहुधा आजही लवचीक असतो. शतकाच्या अखेरचा लाकडी लगद्याचा कागद मात्र आम्लामुळे पिवळा पडून घडीवर तुटतो. चिकटपट्टी आणि लॅमिनेशन पूर्णपणे टाळून अंक आम्लमुक्त कागदाच्या पाकिटात, उजेडापासून दूर, सपाट ठेवावेत.

उत्तर ३ — दक्षिणवारा

वरील माहिती उत्तम आहे; परंतु हे साहित्य खाजगी कपाटात असावे का, याचाही विचार व्हावा. त्या वाचकांच्या पत्रांखाली ज्यांची नावे आहेत, त्यांचे वंशज आजही आपल्या पूर्वजांचा शब्द शोधत आहेत. शिवाय ठरावीक प्रकारची जुनी आणि महत्त्वाची कागदपत्रे देशाबाहेर नेण्यासाठी १९७५ च्या संरक्षित वस्तू कायद्यानुसार परवानगी लागते, हे आपण आधीच लक्षात घ्यावे.

उत्तर ४ — खिळेजुळारी

परवानगीचा मुद्दा निर्विवाद आहे. खाजगी संग्रहाविषयी मात्र मी थोडा वेगळा विचार करतो. अलेक्झांडर टर्नबुल आणि टॉमस हॉकन हे खाजगी संग्राहकच होते, आणि वेलिंग्टन व ड्युनेडिन येथील ज्या ग्रंथालयांवर आपण सारे अवलंबून आहोत ती त्यांच्याच कपाटांतून उभी राहिली. उलट बाजूही नोंदवतो: गव्हर्नर जॉर्ज ग्रे यांनी आपला संग्रह केप टाउनला दिल्यामुळे त्यातील माओरी हस्तलिखिते १९२० च्या दशकात ऑकलंडला परत येईपर्यंत माओरी अभ्यासकांना दुर्मीळच राहिली. माझ्या मते, संग्राहकाने आपल्याकडील दुर्मीळ अंकाची प्रतिमा ग्रंथालयाला उपलब्ध करून द्यावी आणि तो अंक पुढे कोणाकडे जाणार हे लेखी ठरवून ठेवावे.

प्रश्नकर्ता — वेलिंग्टनवासी

सर्वांचे आभार. विक्रेत्याकडे जाऊन प्रत पुन्हा तपासली. आतील मजकुरात ते जोडाक्षर ठिकठिकाणी आहे, त्यामुळे ती १८३७ ची नाही. विक्रेत्याने वर्णन बदलण्याचे मान्य केले आहे. उतरलेल्या किमतीत ती घ्यावी का?

उत्तर ५ — सुटे अंक

शीर्षकपृष्ठ नसलेली नंतरची आवृत्ती केवळ वाचनासाठी हवी असेल तरच घ्यावी. समासात जुन्या वाचकांची माओरी हस्ताक्षरातील नावे किंवा टिपणे असतील, तर मात्र निर्णय घेण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे येथे अवश्य टाका.